परसबागेतला बाकला: बी टोकण्यापासून शेंगा तोडण्यापर्यंत

बाकला, म्हणजेच ब्रॉड बीन, हे लावायला सोपं पीक समजलं जातं आणि ते तसं आहेही. बी अंगठ्याच्या नखाएवढी मोठी, हाताळायला सोयीची. रोप दणकट, वेल नसल्यामुळे मांडवाची गरज नाही. तरीही पुष्कळांच्या वाफ्यात बाकला कमरेएवढा वाढतो, भरभरून फुलतो आणि शेंगा न धरताच सगळी फुलं गाळून टाकतो. अशा वेळी खताला किंवा बियाण्याला दोष दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेत असतं. म्हणून बाकल्याची तयारी मातीपासून नव्हे, कॅलेंडरपासून सुरू करायची.

पेरणीची वेळ: उन्हाकडून मागे मोजायचं

घेवडा आणि चवळी ही उबेची पिकं आहेत. बाकला त्यांच्यापेक्षा वाटाणा आणि मसूर यांना जवळचा, आणि त्यांच्यासारखाच थंडीत रमणारा. माती ५ अंश सेल्सिअसच्या वर असली की बी उगवू लागते, मात्र इतक्या थंडीत तिला तीन-चार आठवडे लागू शकतात. माती १२ ते १५ अंशांवर असेल तर दहा-बारा दिवसांत कोंब दिसतो. वाढीला १५ ते २० अंशांची हवा सर्वांत मानवते. दिवसाचं तापमान सतत २७ अंशांच्या वर जाऊ लागलं की फुलं गळायला लागतात, आणि त्यानंतर पाणी, खत, फवारणी यांपैकी कशानेही ती थांबत नाहीत.

गणित असं मांडा. तुमच्याकडे दुपारचं तापमान २७ अंशांवर कधीपासून टिकून राहतं, ती तारीख काढा. फुलोरा आणि शेंगधारणेसाठी किमान पाच आठवडे त्या तारखेच्या आधी मिळाले पाहिजेत. पेरणीपासून पहिलं फूल दिसायला मध्यम थंडीत सात ते दहा आठवडे लागतात. म्हणजे उन्हाच्या त्या तारखेपासून निदान बारा, आणि शक्यतो पंधरा-सोळा आठवडे मागे जायचं. तिथे पेरणी.

जिथे हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळा लवकर तापतो, तिथे हे गणित पेरणीला थंडीच्या सुरुवातीला नेऊन ठेवतं. दिवसाची हवा २५ अंशांखाली उतरली की पेरायचं, थंडी पूर्ण बसण्याची वाट पाहायची नाही. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं पण माती महिनोन्महिने दगडासारखी होत नाही, तिथे दोन वेळा मिळतात: हिवाळ्याआधी पेरून रोपं लहान असतानाच थंडीत न्यायची, किंवा हिवाळा सरताच माती ५ अंशांवर आली की पेरायचं. आधी पेरलेलं पीक तयार व्हायला सहा महिने घेतं, पण वसंतात पेरलेल्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी शेंगा देतं, आणि काळा मावा ही कीड येण्याच्या आत बरंचसं हाती लागतं. जिथे बर्फ आणि गोठण फार कडक असते, तिथे वसंतातली पेरणीच बरी. मातीत काम करता येऊ लागलं की पहिल्या आठवड्यातच ती उरकायची.

हिवाळ्याआधीची पेरणी फार लवकरही करू नये. थंडी येईपर्यंत रोप पाच ते दहा सेंटिमीटरचं असावं. एक वितीहून उंच, लुसलुशीत रोप कडाक्याच्या थंडीत काळं पडतं. बुंध्याकडून ते पुन्हा फुटतं, पण लवकर पेरण्याचा फायदा गेलेला असतो.

जात निवडताना

पेरणीची वेळ ठरली की जात जवळजवळ आपोआप ठरते. हिवाळ्याआधी पेरायला ‘अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया’ ही जुनी, भरवशाची जात; तिची थंडी सोसण्याची ताकद इतर बहुतेक जातींपेक्षा जास्त. लांब शेंगेच्या जाती, म्हणजे लाँगपॉड, एका शेंगेत साधारण आठ बिया देतात आणि थंडीला चांगल्या. आखूड, रुंद शेंगेच्या विंडसर गटातल्या जातींत बिया चारच्या आसपास, पण चव अधिक गोड. त्या हिवाळ्याआधी पेरू नयेत. ‘द सटन’ ही बुटकी जात अर्ध्या मीटरच्या आत राहते, त्यामुळे वाऱ्याच्या जागी, कुंडीत किंवा गच्चीवर तीच लावावी. किरमिजी फुलांची एक जुनी जातही मिळते. ती दिसायला फार देखणी, शेंगा थोड्या लहान.

दुकानातल्या सुक्या खाण्याच्या बिया पेरल्या तर चालतात का? सबंध, साल न काढलेल्या असतील तर उगवूही शकतात. पण त्या किती जुन्या आहेत, भाजलेल्या किंवा तापवलेल्या आहेत का, जात थंडी सोसणारी आहे का, यांतलं काहीच माहीत नसतं. आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून १५ ते १८ अंशांच्या जागी दहा दिवस ठेवा. सातपेक्षा कमी बियांना मोड आले तर त्या पेरण्याच्या भरीस पडू नका.

किती बी लागेल

मोठ्या दाण्याच्या जातींच्या १०० ग्रॅममध्ये ५० ते १०० बिया बसतात. तीन मीटर लांबीच्या जोडओळीला, वीस सेंटिमीटरवर एक बी धरली, तर दोन्ही ओळी मिळून ३२ बिया लागतात. चार-पाच बिया जास्तीच्या घ्या आणि ओळीच्या टोकाला दाटीने टोकून ठेवा. नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला तीच रोपं कामी येतात, आणि ती बरोबरीच्या वयाची असल्यामुळे मागे पडत नाहीत.

भरगच्च छोटी ओळ लावण्यापेक्षा सुटसुटीत लावा. जिथे हवा खेळत नाही तिथे पुढे करपा येतो. त्याबद्दल खाली सविस्तर आहेच.

माती आणि खत

बाकल्याला भारी, ओल धरणारी माती आवडते, पण साचलेलं पाणी मुळीच नाही. हिवाळ्याच्या पावसात वाफ्यात पाणी उभं राहत असेल तर १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करून त्यावरच पेरा. सामू (पीएच) ६ ते ७.५ असावा. त्याहून आम्ल मातीत मुळांवरच्या, नत्र धरणाऱ्या गाठी नीट बसत नाहीत. पेरणीच्या महिनाभर आधी माती तपासून चुना घाला.

मशागत एक फावडं खोल पुरते. मूळ सरळ खाली जातं, म्हणून वरची माती पिठासारखी बारीक करण्यापेक्षा खालचा कडक थर फोडणं जास्त महत्त्वाचं. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत दर चौरस मीटरला अर्धी बादली, म्हणजे चार-पाच किलो, मिसळा. आधीच्या पिकाला भरपूर खत दिलेलं असेल तर तेही नको.

नत्राचं खत देऊ नका. ताजं शेणखत, युरिया, कोंबडखत यांनी पानं गडद आणि गच्च होतात, खोड मऊ राहतं, मावा तुटून पडतो, आणि मातीत नत्र आयतं मिळत असल्यामुळे गाठी धरत नाहीत. बाकल्याला कमी पडतं ते बहुधा पालाश (पोटॅश). पालाश कमी असलेल्या मातीत चॉकलेटी ठिपक्यांचा करपा जोर धरतो. माती आम्ल असेल तर चौरस मीटरला मूठभर लाकडाची राख चालते. सामू आधीच ७ च्या पुढे असेल तर राख टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, मात्रा पाकिटावरची.

जिवाणूसंवर्धन

बाकल्याच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू वाटाणा आणि मसूर यांच्यावर चालतो तोच. घेवड्याचा वेगळा, चवळी-सोयाबीनचा आणखी वेगळा. त्यामुळे वाफ्यात आधी वाटाणा, मसूर किंवा बाकला झालेला असेल तर बाहेरून काही लावायची गरज नसते. पूर्वी कधीच असं पीक न घेतलेल्या मातीत किंवा विकतच्या मातीने भरलेल्या कुंडीत मात्र संवर्धन, म्हणजे या जिवाणूची भुकटी, बियांना लावणं फायद्याचं. ते ‘वाटाणा गटाचं’ रायझोबियम आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. घेवड्याचं आणून लावलं तर काही उपयोग नाही.

साखरेच्या पातळ पाण्याने बिया नुसत्या ओलसर करा, भुकटी चोळा, सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात ठेवलेलं संवर्धन मरतं. बुरशीनाशक लावलेल्या रंगीत बियांवर ते टिकेलच असं नाही, तेव्हा शक्यतो साध्या बियाच घ्या.

गाठी बसल्या का, हे उगवणीनंतर सहा आठवड्यांनी एक जास्तीचं रोप मातीसकट उचलून बघता येतं. गाठ नखाने कापली की आत गुलाबी किंवा लालसर दिसली पाहिजे. म्हणजे ती नत्र धरते आहे. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ निकामी. गाठीच नसतील आणि पानं फिकट पिवळी असतील, तरच कंपोस्टच्या पाण्याचा एखादा हलका हात द्या.

पेरणी

माती वाफशावर असावी: मुठीत धरली की गोळा होतो, बोटाने दाबला की फुटतो. कोरडी असेल तर आदल्या दिवशी सरीत पाणी सोडा. पेरल्यावर लगेच भरपूर पाणी देणं हे बी कुजण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे, विशेषतः माती थंड असताना.

बी रात्रभर भिजत घालण्याची सवय इथे सोडावी. मोठी, कोरडी बी थंड पाण्यात पडली की फार वेगाने पाणी शोषते, आतल्या पेशी फुटतात आणि पुढे ती उगवण्याआधी सडते. माती उबदार आणि काहीशी कोरडी असेल तर चार-पाच तास भिजवायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

दोन ओळी एकमेकींपासून वीस ते पंचवीस सेंटिमीटरवर आखा. अशा एका जोडओळीपासून पुढची जोडओळ साठ सेंटिमीटरवर, म्हणजे मधून चालता येतं आणि हवा खेळते. ओळीत दर वीस सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटर खोल भोक पाडून एकेक बी टोका. बीच्या एका टोकाला लांबट काळी किंवा तपकिरी खूण असते. मूळ तिच्या शेजारून निघतं, म्हणून ती खाली किंवा आडवी ठेवावी. उलटी पडली तरी बी उगवते, फक्त कोंबाला वळसा पडतो. दुसऱ्या ओळीतल्या बिया पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागांसमोर येतील अशा टोका. माती ओढून हाताच्या तळव्याने दाबा.

खोलीबाबत कंजुषी करू नका. दोन-तीन सेंटिमीटरवर टोकलेल्या बिया उंदीर आणि पक्षी उकरतात, आणि पुढे झाड मुळाशी डुलू लागतं. हलक्या मातीत सात सेंटिमीटरही चालेल.

उंदीर जास्त असतील, किंवा माती फार ओली आणि थंड असेल, तर रोपं करून लावा. बाकल्याचं सोटमूळ लवकर लांबतं, त्यामुळे उथळ ट्रे उपयोगाचा नाही. दहा-बारा सेंटिमीटर खोल पेले किंवा कागदाच्या सुरळ्या घ्या. एका पेल्यात एक बी. पेले घराच्या उबेत ठेवू नका, बाहेर आडोशाला उजेडात ठेवा. उबेत रोप काडीसारखं लांब होतं. मूळ तळाला दिसू लागलं आणि रोप आठ-दहा सेंटिमीटरचं झालं की लावायचं, मग वाट पाहायची नाही. कागदाची सुरळी तशीच पुरता येते, फक्त तिची कड मातीच्या वर उरू देऊ नका, नाहीतर ती ओल शोषून वर खेचते.

उगवणीपासून फुलापर्यंत

घेवड्याच्या बीची दोन दलं मातीवर येतात. बाकल्याची मातीतच राहतात आणि वर फक्त कोंब येतो. त्याचा फायदा मोठा आहे. गोगलगायीने किंवा पक्ष्याने शेंडा खाल्ला, किंवा थंडीने तो काळा पडला, तरी मातीखालच्या डोळ्यांतून नवा फुटवा येतो. म्हणून खाल्लेलं रोप लगेच उपटू नका, दोन आठवडे थांबा. थंडीच्या सकाळी आडवी पडलेली रोपं ऊन वर आल्यावर बहुधा आपली आपण उभी राहतात. गोठलेली असताना त्यांना हात लावू नका.

पहिले सहा आठवडे तण काढत राहा, पण खुरपं बुंध्याजवळ खोल घालू नका. रोप पंधरा सेंटिमीटरचं झालं की दोन्ही बाजूंनी पाच सेंटिमीटर मातीची भर द्या. वाऱ्याच्या जागी ही भर फार उपयोगी पडते.

या वयात पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसल्या, जणू कुणी तिकीट पंच केलं आहे, तर ते सिटोना भुंग्याचं काम. मोठ्या रोपाला त्याने काही होत नाही. चार-पाच पानांच्या रोपावर खाचा खूपच झाल्या तर वाढ खुंटते. शिवाय त्याची अळी मातीत जाऊन मुळांच्या गाठी खाते. उगवणीपासून बारीक जाळी अंथरली तर भुंगा रोखता येतो, पण पहिली फुलं दिसताच जाळी काढलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना घाबरवते. पानाच्या देठापाशी जी छोटी पानासारखी अंगं असतात, त्यांवर गडद जांभळा ठिपका असतो. तो रोग नाही. ती मधुग्रंथी आहे, तिच्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिथे येतात. झाडावर मुंग्या दिसल्या म्हणजे मावा आलाच असं नसतं. पानांची खालची बाजू आणि शेंडे पाहून ठरवा.

खोड चौकोनी आणि आतून पोकळ असतं. ताणे नसल्यामुळे झाड कशाला धरून चढत नाही, आणि शेंगांचं वजन आल्यावर पहिल्या वादळी वाऱ्यात बुंध्याशी मोडतं. आधार झाड तीस सेंटिमीटरचं असतानाच द्या. जोडओळीच्या चार कोपऱ्यांत आणि लांब ओळीत दर सव्वा मीटरवर सव्वा मीटर उंच काठ्या ठोका. तीस सेंटिमीटर उंचीवर सुतळीचा एक वेढा, साठवर दुसरा, आणि उंच जातींना नव्वदवर तिसरा. मधे एखादी सुतळी आडवी टाकली तर झाडं एकाच बाजूला कलत नाहीत. प्रत्येक झाडाला वेगळी काठी बांधायची गरज नाही.

फुलोरा आणि पाणी

फुलं पांढरी, पंखांवर काळा डाग, आणि वास गोड. एका झाडाला शेकडोही फुलं येतात, शेंगा मात्र थोड्यांच्याच होतात. खालच्या घोसांतली फुलं शेंगा धरतात, वरची बरीचशी गळतात. इतकी गळ नैसर्गिक आहे. खालच्या घोसांनीही काहीच धरलं नाही, तर कारण शोधायचं. पहिलं कारण उष्णता. दुसरं पाण्याचा ताण. तिसरं मधमाश्या नसणं.

बाकला काही प्रमाणात स्वपरागित आहे, पण भुंग्यांची आणि मधमाश्यांची फेरी झाली तर शेंगा जास्त येतात आणि शेंगेत बिया भरगच्च बसतात. फूल लांबट नळीचं असल्यामुळे लांब जिभेच्या गुबगुबीत भुंगमाश्या हे काम उत्तम करतात. आखूड जिभेच्या काही माश्या फुलाच्या बुडाला भोक पाडून मध पळवतात. अशा फुलांवर भोक दिसलं तरी घाबरू नका, बरीचशी तरीही धरतात. फुलोऱ्यात कोणतंही कीटकनाशक मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने शेंगा कमी करणं.

फुलं येईपर्यंत पाणी बेताने. सुरुवातीला जास्त पाणी दिलं तर पाला वाढतो आणि मुळं वरच राहतात. पहिली कळी दिसल्यापासून शेंगा भरेपर्यंत मात्र माती कोरडी पडू देऊ नका. पाऊस नसेल तर चौरस मीटरला आठवड्याला सुमारे वीस लिटर, दोन हप्त्यांत, बुंध्याशी. पानांवर फवारून नको. ओली पानं म्हणजे करप्याला आमंत्रण. गवत किंवा वाळलेल्या पाल्याचं पाच सेंटिमीटरचं आच्छादन घातलं तर पाणी बरंच वाचतं आणि मुळंही थंड राहतात.

शेंडा खुडणे

खालच्या घोसात बोटाच्या पेराएवढ्या शेंगा दिसू लागल्या की प्रत्येक खोडाचा वरचा आठ-दहा सेंटिमीटरचा कोवळा शेंडा खुडून टाका. याने दोन कामं होतात. झाडाची ताकद लागलेल्या शेंगांकडे वळते, आणि काळ्या माव्याची आवडती जागाच नाहीशी होते. आधी खुडला तर शेंगा धरायच्या जागा कमी होतात. मावा दिसायला लागला असेल तर मात्र थोडं आधी खुडलेलंही परवडतं. मावा नसलेले शेंडे पालेभाजीसारखे शिजवून खाता येतात, फेकू नका.

मावा, करपा आणि बाकीचे

काळा मावा शेंड्यापासून सुरू होतो आणि ऊब वाढली की आठवडाभरात खोड काळं करून टाकतो. बाकल्यावर त्याला हरवण्याचा मार्ग म्हणजे रोजची नजर. पहिल्या चार-दोन झाडांवर दिसला की ते शेंडे खुडा, उरलेला बोटांनी चिरडा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. लेडीबर्ड किडे आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी लांबट अळ्या दिसल्या तर काहीच फवारू नका. तुमचं काम तेच करतील. अगदीच आवरेना तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर बागेसाठीचा द्रव साबण घालून संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, माव्यावर थेट बसेल असा फवारा, आणि आदल्या दिवशी दोन पानांवर करून बघा. कपड्यांचा डिटर्जंट पानं जाळतो, तो नको. मावा विषाणूही पसरवतो. पानं पिवळी-हिरवी चितकबरी होऊन गुंडाळली गेली तर ते झाड उपटून टाका, त्याला औषध नाही.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो चॉकलेटी ठिपक्यांचा करपा. बोट्रायटिस फॅबी नावाच्या बुरशीचा हा रोग. पानांवर लालसर तपकिरी ठिपके येतात आणि कोरडी हवा असेल तर तिथेच थांबतात. असे ठिपके घेऊन झाड चांगलं पीक देतं. पण हवा दमट, पानं दिवसेंदिवस ओली आणि तापमान १५ ते २० अंश असेल, तर ठिपके एकमेकांत मिसळतात, पान काळं होतं आणि चार-पाच दिवसांत अख्खं झाड कोलमडतं. या टप्प्यावर आल्यावर घरगुती बागेत इलाज उरत नाही. म्हणूनच सुटसुटीत लागवड, निचरा, पालाश, आणि बुंध्याशी पाणी यांवर वर इतका भर दिला आहे. ठिपके वाढताना दिसले तर सर्वांत खालची, मातीला टेकलेली पानं कोरड्या दिवशी काढा आणि दाट जागेतलं एखादं झाड कापून टाका. रोगट पाला कंपोस्टात न घालता पुरा.

तांबेऱ्यात पानांवर नारिंगी-तपकिरी फोड येतात आणि बोट फिरवलं की भुकटी लागते. तो बहुतेक उशिरा, हंगाम सरताना येतो आणि फारसं बिघडवत नाही. पानाच्या खाली करडी लव दिसली तर तो केवडा. तीही पानं काढून टाका. झाड बुंध्यापासून काळं पडून मरत असेल तर मूळकूज, कारण साचलेलं पाणी किंवा दरवर्षी तीच जागा. शेंगवर्गातलं पीक त्याच वाफ्यात तीन-चार वर्षांनीच घ्या.

तोडणी

वसंतातल्या पेरणीला साडेतीन-चार महिन्यांत पहिली तोडणी येते. शेंगा खालून वर तयार होत जातात, त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी फेरी मारावी लागते. पाच-सात सेंटिमीटरच्या शेंगा सबंध खाता येतात. सोलून खायच्या शेंगांसाठी वाट पाहा ती आतल्या बिया बाहेरून हाताला लागेपर्यंत, पण शेंग अजून हिरवी, तकतकीत असताना. एक शेंग फोडून बीवरची खूण बघा: ती हिरवी किंवा पांढरी असेल तर नेमकी वेळ. काळी झाली असेल तर बी पिठूळ आणि साल चिवट झालेली आहे.

शेंग ओढू नका, खोडाची साल सोलून निघते. खाली दाबून पिळा किंवा कात्रीने कापा. तोडल्यावर बियांतली साखर लवकर कमी होते, म्हणून त्याच दिवशी खाणं उत्तम. न सोललेल्या शेंगा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस बऱ्या राहतात. सोलल्यावर वजनाचा पाव ते तिसरा हिस्साच बिया निघतात, हे धरूनच किती लावायचं ते ठरवा.

नखाएवढ्या बिया सालीसकट शिजवाव्यात. त्याहून मोठ्या झाल्या की दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून थंड पाण्यात काढा, एका टोकाला नखाने चिरून दाबा, आतला हिरवागार गर निसटून बाहेर येतो. साठवायच्या तर तीन मिनिटं उकळून, गार करून, कोरड्या करून गोठवा.

जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाने बाकला खाऊ नये. बियांमध्ये व्हायसिन आणि कॉनव्हायसिन असतात, आणि त्यांच्यामुळे अशा माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. लहान मुलांत हे विशेष गंभीर होऊ शकतं. खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत अंग पिवळं दिसणं, लघवी गडद होणं, दम लागणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि बाकला खाल्ल्याचं सांगा. नैराश्यावरची एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तरीही खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पीक संपल्यावर, आणि पुढच्या वर्षीचं बी

शेंगा संपल्या की झाडं उपटू नका. मातीलगत कापा आणि मुळं तिथेच कुजू द्या. धरलेल्या नत्राचा मोठा भाग शेंगांबरोबर गेलेला असतो, तरी उरलेल्यावर कोबी किंवा पालेभाजी चांगली येते.

बी धरायचं असेल तर ते सुरुवातीपासून ठरवा. माश्यांमुळे दोन जाती एकमेकींत सहज मिसळतात, म्हणून बियाण्याच्या वर्षी एकच जात लावा. वाटाणा किंवा घेवडा शेजारी असला तर चालतो, त्यांच्याशी संकर होत नाही. ओळीच्या मधली, निरोगी अशी आठ-दहा झाडं हेरून त्यांच्या खालच्या शेंगा तोडायच्याच नाहीत. शेंगा काळ्या आणि चामड्यासारख्या होतील, पानंही काळी पडतील. ते पक्व होण्याचं लक्षण आहे. पाऊस लागून राहिला तर झाडं कापून छपराखाली उलटी टांगा. सुकलेल्या बियांवर नखाचा वण उठेनासा झाला की त्या नीट वाळल्या.

बियांवर गोल भोक दिसलं तर आत बाकल्याचा भुंगेरा वाढला होता. त्याने अंडी शेतातच कोवळ्या शेंगेवर घातलेली असतात, त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी तो आतून निघतो. म्हणून नीट वाळवलेल्या बिया हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांत ठेवा. ओलसर बिया गोठवल्या तर त्या मरतात, तेव्हा वाळवणीत घाई नको. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव साठतं. मग त्यावर जात आणि वर्ष लिहून थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. तीन-चार वर्षं त्या पेरण्याजोग्या राहतात.